घासाघीस

मराठी घरात नवी गाडी आली की तिची चौकशी ठरलेल्या क्रमाने होते. पहिला प्रश्न, "केवढ्याला पडली?" दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" तिसरा विचारणाऱ्याच्या वयावर असतो. साठी उलटलेले काका डिकीत किती बॅगा मावतात ते विचारतात, विशीतला भाचा स्क्रीन किती इंची आहे ते विचारतो, आणि आत्या विचारते, "छपरातून डोकं बाहेर काढतात, ती का ही?" मग पेढे येतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. एवढं सगळं पार पडतं, पण "थांबते कशी?" हे कुणी म्हणता कुणी विचारत नाही. गाडी पळवायला घेतलेली असते. थांबण्याचं काय ते देव बघून घेईल. लिंबू त्यासाठीच तर ठेवलेलं असतं.

दसऱ्यालाही तोच पंक्तिभेद. स्टिअरिंगला हार, बंपरला हार, आरशालासुद्धा झेंडूचं फूल, टायरला हळदकुंकू. चाकाच्या फटींतून दिसणारी ती लोखंडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून बसलेले ब्रेक पॅड तेवढे कोरडे राहतात. एका अर्थी ते बरंच. पॅडवर तेला-तुपाचा थेंबही पडलेला चालत नाही. आपण तिकडे न बघणं हीच त्यांची पूजा, असं समजून ती घरोघर वर्षभर मनोभावे चालते.

खरं तर प्रकार सरळ आहे. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते. पुस्तकात तिला रोटर म्हणतात, गॅरेजात डिस्क. तिच्यावर कॅलिपर नावाचा पंजा बसवलेला असतो आणि पंजात दोन पॅड असतात, एक आतून, एक बाहेरून. आपण पाय दाबला की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑईलचा दाब नळीतून चाकापर्यंत पोचतो, कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटीत धरतात. गाडी थांबते. यात जादू काही नाही, नुसतं घासणं आहे. पण त्या घासण्यात गाडीचा सगळा वेग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती उष्णता किती, हे ज्यूल आणि कॅलरीत सांगितलं तर कुणी ऐकून घेणार नाही. म्हणून मी तिचा हिशेब चहात मांडला आहे.

गाडी, चार माणसं आणि गावाहून निघालेली आंब्याची पेटी मिळून बाराशे किलो धरा. ताशी १०० किलोमीटरच्या वेगातून ही सगळी वरात थांबवली तर जी उष्णता निघते, तिच्यावर साधारण दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे दहा कप. वेग ५० असता तर पाच कप निघाले असते, असं कुणालाही वाटेल, निघतात अडीच. वेग दुप्पट झाला की चहा चौपट होतो. एक्स्प्रेसवेवर १२० ने गाडी हाणत "माझा पूर्ण कंट्रोल आहे" म्हणणाऱ्या मेहुण्यांनी लक्षात ठेवावं की कंट्रोल त्यांचा नाही, चौदा कपांचं आधण पेलणाऱ्या त्या पॅडांचा आहे. आणि पॅडांना त्याबद्दल कुणी विचारलेलं नाही.

यातला बहुतेक चहा पुढची चाकं करतात. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं. मागच्या सीटवरचा डबा पुढच्या सीटखाली का येतो, मागे डुलक्या घेणाऱ्या मावशींचं कपाळ पुढच्या सीटला का भेटतं, याचं कारण हेच. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे जुने ड्रम असतात, आणि पुढचे पॅड आधी संपतात. दुचाकीलाही हाच नियम. पण महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वडिलांनी मुलाच्या हाती किल्ली देताना एकच मंत्र दिला आहे, "पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील." परिणामी जो ब्रेक खरा थांबवतो तो शोभेला राहिला आणि थांबण्याचं काम मागचा ब्रेक आणि चपलेचा सोल यांनी वाटून घेतलं. शेवटी २०१९ पासून सरकारने छोट्या दुचाक्यांचे दोन्ही ब्रेक एकमेकांशी जोडून देण्याची सक्ती केली. वडिलांचं ऐकावं आणि थांबावंही, असा तो तोडगा आहे.

चारचाकीत मात्र एक ब्रेक जास्तीचा असतो. तो डावीकडच्या सीटपुढे, पायपुसण्याखाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तो खरोखरचा बसवावा लागतो, तसा नियमच आहे. बाकीच्या गाड्यांत तो नसतो, पण त्यामुळे तो दाबणाऱ्यांचं काही अडत नाही. समोर ट्रक दिसला की शेजारचा पाय आपोआप जमिनीत रुततो, हात दारावरच्या दांडीला जातो आणि तोंडातून "अरे अरे अरे" निघतं. हा ब्रेक वर्षानुवर्षं दाबला जातो आणि त्याचे पॅड कधीही संपत नाहीत.

खऱ्या पॅडांचं तसं नाही. नव्या पॅडवर घासणाऱ्या मालाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. मधल्या काळात पॅड मुकाट झिजत राहतो. पण पॅड बनवणाऱ्यांना गिऱ्हाइकाची चांगली पारख आहे. म्हणून बऱ्याच पॅडांना पत्र्याची एक छोटी जीभ जोडलेली असते. थर पुरेसा झिजला की ही जीभ फिरत्या डिस्कला टेकते आणि किंचाळते. हा बिघाड नव्हे. चांगल्या शिकल्यासवरल्या अभियंत्यांनी, माणसाला ऐकवणार नाही असाच आवाज निघावा म्हणून ती तिथे बसवलेली असते.

या किंकाळीवर आपला पहिला उपाय गाण्याचा आवाज वाढवणे हा असतो. दुसरा, काच वर करणे. तिसरा, त्या बाजूच्या सीटवर मोठ्याने बोलणारा पाहुणा बसवणे. तिन्ही उपाय थकले की रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चर्चासत्र भरतं. त्यात सर्वांत आधी बॉनेट उघडलं जातं. गाडीचं काहीही दुखलं तरी बॉनेट उघडायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. ब्रेक चाकात असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चाक बघायला खाली बसावं लागतं, आणि बॉनेटपुढे हात पाठीशी बांधून उभं राहता येतं.

निवृत्त बँक अधिकारी म्हणतात, "धूळ बसली असणार. प्रेशरने पाणी मारा." तळमजल्यावरचे आजोबा म्हणतात, "हल्ली मालच हलका. आमची फियाट कधी ओरडली नाही." (फियाटला ओरडायला डिस्क नव्हत्या, ड्रम होते, हे त्यांना सांगण्याची कुणाची प्राज्ञा नसते.) तिसरे एक जण ब्रेक ऑईलच्या डबीत वाकून बघतात आणि विजयी मुद्रेने जाहीर करतात, "हे बघा! लेव्हल खाली आहे." मग दुकानातून बाटली येते आणि डबी काठोकाठ भरली जाते. आता लेव्हल खाली का गेली? पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो, आणि त्याच्या मागची वाढलेली जागा भरायला डबीतलं ऑईल खाली उतरतं. गळती नसेल, तर ती खाली गेलेली लेव्हल म्हणजे पॅडांनी पाठवलेलं दुसरं पत्र असतं. ते न वाचता आपण त्यावर ऑईल ओततो. पुढे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की हेच जास्तीचं ऑईल डबीतून उतू जातं आणि वाटेतला रंग खातं. तेव्हा सगळ्यात आधी मेकॅनिकला दोष दिला जातो.

सगळेच आवाज घाबरण्यासारखे नसतात, हेही खरं. पावसाळ्यात रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या ब्रेकला खर्र करते. बिडाच्या डिस्कवर एका रात्रीत तांबूस गंज चढतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत तर त्याला रात्रही पुरी लागत नाही. दोन-चार ब्रेकांत तो पुसला जातो आणि विषय संपतो. पण खरखर दिवसभर राहिली तर पॅडवरचा माल संपून लोखंड लोखंडावर घासतंय असं समजावं. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही. गाडी एका अंगाला ओढत असेल तर बहुधा एका कॅलिपरची पिन अडकली आहे. आणि करकचून ब्रेक मारल्यावर पायाखाली गुर्र झालं तर काहीही बिघडलेलं नाही. तो एबीएस आहे. २०१९ च्या एप्रिलपासून प्रत्येक नव्या मोटारीत तो सक्तीचा आहे. चाकं जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून तो ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला सोडतो आणि धरतो. त्या वेळी पाय दाबून ठेवायचा असतो. पण गुरगुर ऐकली की मागे सरकायचं, हे आपल्याला गल्लीतल्या कुत्र्यांनी इतकं पक्कं शिकवलेलं आहे की पाय नेमका तेव्हाच उचलला जातो.

ब्रेकच्या किंकाळीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने पॅड तांब्याचे वापरले. गाडी थांबे, पण थांबताना असा चीत्कार करी की लोकांना ती न थांबलेली परवडली असती. त्याच काळात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ घोडागाड्यांच्या लाकडी ब्रेकचा विचार करत होता. उतारावर गाडीवान त्या लाकडाला जुन्या बुटाचं कातडं ठोकत, ते बघून त्याला घर्षणाचा वेगळा माल बनवण्याची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. पुढे फ्रूडच्या ॲस्बेस्टॉसच्या अस्तराने लँचेस्टरच्या ब्रेकचा गळा बसवला. (ॲस्बेस्टॉसने माणसांची फुप्फुसंही बसतात, हे कळायला बराच काळ जावा लागला.) जुन्या बुटाचं महत्त्व आपल्या ट्रकवाल्यांनाही पूर्वीपासून माहीत आहे. फक्त ते तो ब्रेकला न ठोकता मागे बंपरखाली टांगतात आणि थांबण्याची जबाबदारी नजर लावणाऱ्यावर सोपवतात.

डिस्क ब्रेकला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ साली, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाड्यांनी पहिल्या दोन जागा पटकावल्या. बाकीच्यांचे ड्रम तापून हात टेकायचे तेव्हा जग्वारवाले वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेक मारत. जगाने त्यातून धडा घेतला की लवकर पोचायचं असेल तर आधी थांबता आलं पाहिजे. आपण त्यातून फक्त अगदी तोंडाशी येऊन ब्रेक मारायचं तेवढं घेतलं, तेही डिस्क ब्रेक नसलेल्या रिक्षांसह.

आपल्याकडे पॅड कुणाचे पंचवीस हजार किलोमीटरला संपतात, कुणाचे साठ हजारालाही दमदार असतात. फरक गाडीत नसतो, पायात आणि रस्त्यात असतो. रस्त्याचा वाटा मोजायचा तर गतिरोधकापासून सुरुवात करावी लागेल. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि गाडीने त्यावरून ताशी २५ किलोमीटरने आरामात जावं अशी अपेक्षा. हे माप वाचलं की परदेशी वाङ्मय वाचल्याचा आनंद होतो. गल्लीतला गतिरोधक मोजून नव्हे, रागावून बांधलेला असतो. एखादा पोरगा बाईकवरून सुसाट गेला की दुसऱ्या दिवशी तिथे डांबराचा ढीग येतो, आणि त्याच्यापुढे गाडी थांबवून, पोट सांभाळून, तिरपी चढवावी लागते. पोरगा बाजूच्या फटीतून सुसाटच जातो. पॅड आपले झिजतात.

पायाचा वाटा याहून मोठा. लाल सिग्नल लांबून दिसत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर गाडी आपोआप मंदावते आणि चहाचं आधण निम्म्यावर येतं. पण तेवढ्यात आपल्या पुढच्या रिकाम्या जागेत दुसरं कुणी घुसेल, ही भीती माणसाला लाल दिव्यावर वेग वाढवायला लावते. जिथे ब्रेक मारायला हवा तिथे आपण हॉर्न मारतो. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ साली बंदी घातली. पाटी गेली, पण तिच्यावरची निष्ठा तशीच आहे. हॉर्नला पॅड नसतात, हीच काय ती त्याची जमेची बाजू.

घाटात हा सगळा हिशेब एकदम चुकता होतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. आपल्या बाराशे किलोंचा तो उतार चहात मोजला तर वीस लिटर पाण्याचं आधण भरतं. एवढ्यात लग्नाच्या वऱ्हाडाचा सकाळचा चहा होईल. हे आधण कुणी पेलायचं, हाच घाटातला खरा प्रश्न. कमी गिअरमध्ये उतरलं तर बराच भार इंजिन घेतं. तशा पाट्याही ठिकठिकाणी लावलेल्या असतात. पण आपल्यातल्या कुणी तरी कधी तरी शोध लावला की न्यूट्रलमध्ये उतरलं की पेट्रोल वाचतं, आणि तो शोध वडिलोपार्जित इस्टेटीच्या मोलाने सांभाळला गेला. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गोष्ट नेमकी उलटी आहे. गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तर, गाडी इंजिनाचं इंधनच तोडते. न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन बंद पडू नये म्हणून तिला पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे बचत करणारा वीस लिटरांचं आधण पॅडांवर ठेवतो आणि वर पेट्रोलही जाळतो. त्याहून पोचलेले लोक किल्लीच बंद करतात. मग ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो, पेडल दगडासारखं कडक होतं आणि स्टिअरिंग जड. पुण्याच्या नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ही बचत कितीदा तरी माणसांच्या जिवावर बेतली आहे. तिथे हसण्यासारखं काही नाही.

तापण्याचा दुसरा बळी ब्रेक ऑईल. हे ऑईल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणातल्या चार महिन्यांत शोषायला ओल मुबलक असते. डॉट ३ जातीचं नवं ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असं प्रमाण आहे. ओल शिरलेल्या ऑईलसाठी तेच प्रमाण १४० अंशांवर येतं. घाटाच्या मध्यावर ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि आपण ब्रेक समजून ते बुडबुडे दाबत बसतो. पेडल तळाला टेकतं, गाडी चालूच राहते. म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑईल बदलायला सांगतात. "पण गाडी तर फिरलीच नाही!" असं यावर मालक म्हणतो. गाडी फिरली नाही, हवा फिरली, हे त्याला पटत नाही.

लोणावळ्याच्या याच घाटात रेल्वेचं वागणं बघण्यासारखं आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. उतरताना एखादी गाडी आवरेनाशी झाली तर तिला बाजूच्या चढत्या रुळावर वळवून तिचा वेग जिरवायचा, अशी सोय घाटात करून ठेवलेली आहे. एवढे ब्रेक, एवढे नियम, एवढे प्रशिक्षित चालक असूनही रेल्वेचा ब्रेकवर आंधळा विश्वास नाही. आपला आहे, तोही न बघितलेल्या पॅडांवर.

शेवटी गाडी गॅरेजात जाते. उस्ताद चाक काढतात, पॅड हातात घेतात, मालकापुढे धरतात आणि काही बोलत नाहीत. थर नखाएवढा उरलेला असतो. मालकही जाणकारासारखा बघतो आणि म्हणतो, "अजून हजारेक किलोमीटर जातील ना?"

"जातील की," उस्ताद म्हणतात, "पण थांबतील का, ते नाही सांगता येणार, साहेब."

इथून खरी बोलणी सुरू होतात. ज्या माणसाने सीट कव्हरांना मागेपुढे न बघता पंधरा हजार मोजलेले असतात, तो पॅडांच्या किमतीला हिसडा देतो. "ओरिजिनल नको, लोकलमध्ये दाखवा." "डावीकडचाच जास्त गेलाय, तेवढाच बदला." "डिस्क कशाला? फेस मारून घ्या." यातल्या शेवटच्या दोन मागण्यांना तर सरळ उत्तर आहे. पॅड एका बाजूचे बदलायचे नसतात. दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर गाडी ब्रेकला एका अंगाला ओढते. डावीकडचा जास्त का गेला, तर बहुधा कॅलिपरच्या पिना सुकून अडकल्या आहेत. त्या साफ करून योग्य ते ग्रीस लावलं नाही तर नवा पॅडही त्याच वाटेने जाईल. आणि डिस्कला लेथवर फेस मारता येतो, म्हणजे ती घासून सपाट करता येते, पण तिची किमान जाडी तिच्या अंगावर कोरलेली असते. फेस मारून त्याखाली जाणार असेल तर ती डिस्क भंगारात. मालकाने एवढं विचारलं तर उस्तादही खूश होतात. मालकाला काही कळतं, ही बातमी गॅरेजात चहाच्या आधी पसरते.

ब्रेक ऑईल बदलायचं असेल तर नळीतली एअर काढावी लागते. त्याला दोन माणसं लागतात आणि पोऱ्या चहा आणायला गेलेला असल्याने मालकाला सीटवर बसवलं जातं. उस्ताद चाकाखालून ओरडतात, "मारा... मारा... मारा... धरून ठेवा!" मालक पेडल दाबून धरतो, खाली नट सैल होतो, बुडबुड्यांसकट ऑईल बाहेर येतं. "सोडू नका हां, मी सांगेपर्यंत!" आणि नेमका त्याच क्षणी घरून फोन येतो: "झालं का? येताना कोथिंबीर आणा." फोन शोधायला पाय उचलला जातो, आणि काढलेली सगळी एअर आत परत जाते. खालून आलेले उद्गार छापण्यासारखे नसतात.

नवे पॅड घालून झाले की उस्ताद आधी सीटवर बसून पेडल चार-सहा वेळा दाबतात, मगच गाडी हलवतात. मागे ढकललेला पिस्टन पॅडला येऊन भिडेपर्यंत पहिला दाब थेट तळाला जातो. घरी यूट्यूब बघून पॅड बदलणारे उत्साही लोक अख्खा व्हिडिओ बघतात आणि हे शेवटचं अर्धं मिनिट तेवढं सोडतात. पार्किंगच्या समोरच्या भिंतीला त्याची कल्पना असते. पुढचे दोनेकशे किलोमीटरही नव्या पॅडांना जरा जपावं लागतं. पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसेपर्यंत करकचून ब्रेक मारायचे नाहीत. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी वीस माणसांचा स्वयंपाक सांगण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे पटवणं कठीण जातं.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. त्यांत पाय काढला की मोटरच गाडी मंद करते आणि तो वेग बॅटरीत परत जमा होतो. तिथे पॅड झिजून संपण्याऐवजी काम नसल्यामुळे डिस्क गंजण्याची तक्रार येते. तेव्हा त्यांच्याही मालकांनी निर्धास्त राहू नये. अधूनमधून सणसणीत ब्रेक मारून डिस्क पुसून घ्यावी.

बाकीच्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगला फक्त चार प्रश्न विचारावेत. पॅड किती मिलिमीटर उरलेत? डिस्कची जाडी किती? पिनांना ग्रीस लावलं का? ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं? या चारही उत्तरांना पैसे पडत नाहीत. उत्तर "बदला" असं आलं, तर बिलावर सही करावी आणि गप्प बसावं. मोलभाव करण्याची हौस सीट कव्हर, परफ्यूम आणि डॅशबोर्डवरच्या मान हलवणाऱ्या कुत्र्यावर भागवून घ्यावी. ब्रेकच्या बाबतीत घासाघीस करायला गाडीत पॅड नेमलेले आहेत. ते काम त्यांनाच करू द्यावं.